धोपा, झिंगे आणि वेगळी पळी

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या मोहाडीच्या घरात दसऱ्यानंतर सुरू झालेला एक वाद दिवाळी उलटली तरी मिटला नव्हता. वाद आई आणि ताई यांच्यातला. ताई नागपूरला असते. तिच्या मुलीला सिलियाक हा आजार असल्याचे निदान झाले आणि घरातली कणीक, रवा, मैदा, शेवया, बिस्किटे सगळे एका दिवसात परके झाले. गहू आणि जव या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. सिलियाक असलेल्या माणसाच्या पोटात ते गेले की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या अस्तराची झीज होते, खाल्लेले अन्न अंगी लागत नाही, मूल वाढत नाही, रक्त कमी होते. यावर गोळी नाही. ग्लुटेन जन्मभर टाळणे हाच उपचार.

ताई सुट्टीत मोहाडीला आली ती एक वही घेऊन. वहीत वेस्ट इंडीजच्या बेटांवरचे घरगुती पदार्थ लिहिलेले: भात, मासे, झिंगे, पालेभाज्या, कंदमुळे, भोपळा, नारळाचे दूध. आईला ते अजिबात पटले नाही. दोघींचे बोलणे मी ऐकत होतो, मधूनमधून विचारतही होतो. त्यातले निवडक इथे देतो. आईची बोली झाडीपट्टीची आहे. तिचे सगळे उच्चार कागदावर उतरत नाहीत, पण जेवढे उतरले तेवढे ठेवले आहेत.

आई : पोरीच्या पोटाले गहू चालत नाही, एवढंच ना? मग त्यात घाबराचं काय? आपल्या घरी गहू होताच किती? तुझ्या आजीच्या हातची पोळी सणालेच दिसे. सकाळी भात, रातच्याले भात. तू त्याच्यावरच मोठी झालीस.

ताई : तेच मी म्हणते, आई. भातावर मोठे झालेले आपण एकटेच नाही. या बेटांवरसुद्धा रोजच्या ताटात भात, कंद आणि मासे असतात.

आई : ती बेटं कुठं आहेत ते मले माहीत नाही. आणि मोहाडीच्या नातीले तिथलं काहून खाऊ घालावं, तेही समजत नाही.

ताई : कारण तिच्या वाट्याला दिवसभर फक्त ‘हे नको, ते नको’ येतं. शाळेत डबा उघडला की शेजारणीच्या डब्यात नूडल्स, हिच्या डब्यात फोडणीचा भात. वाढदिवसाला केक कापतात, ही टाळ्या वाजवते. मला तिच्यासाठी असा स्वयंपाक हवाय, जो ‘नको’पासून सुरू होत नाही. कुणाच्या तरी घरी ते रोजचं जेवण असलं पाहिजे, पथ्य नव्हे. आणि ती ते निर्धास्त खाऊ शकली पाहिजे.

या उत्तरावर आई थोडा वेळ गप्प राहिली. मलाही ते उत्तर फार महत्त्वाचे वाटते. पथ्याच्या जेवणात आधी काय वगळले तेच डोळ्यांत भरते. ज्या घरात मुळातच त्या वस्तूची गरज पडत नाही, तिथे वगळलेपणाची खूण नसते. ताई शोधत होती ते हेच. फक्त ती ते फार लांब शोधत होती, असे आईचे म्हणणे.

वहीतला पहिला पदार्थ ‘कॅलालू’. त्रिनिदादमध्ये रविवारच्या जेवणात तो हमखास असतो. नागपुरात ताईने तो पालक घालून केला होता, वर विकतच्या डब्यातले नारळाचे दूध. मुलीने दोन घास खाऊन ताट सरकवले. ताईने आईला मोबाइलवर मूळ कृती दाखवली, तेव्हा आईने चष्मा पुसून परत पाहिले.

आई : हा तर धोपा! या बाईच्या हातात धोप्याचं पान आहे. तू याच्यात पालक घातलास?

ताई : त्यांनी ‘डशीन’ म्हटलं. मला वाटलं तिथलीच काही पालेभाजी असेल.

आई : आपल्या परसात न्हाणीच्या पाण्यावर उगवते ते काय आहे मग? त्याच्या वड्या खाल्ल्यास ना लहानपणी? खालचा कांदा म्हणजे कोचई. आणि ती बाई भेंडी टाकते, ते बराबर आहे. भेंडीनं रसाले दाटपणा येते. कणीक लावाची गरजच पडत नाही.

उरलेल्या महाराष्ट्रात ज्याला अळू म्हणतात, तोच आमचा धोपा. कॅलालूत हाच पाला, भेंडी, नारळाचे दूध, लसूण, मिरची आणि बहुतेकदा खेकडा असतो. पाला शिजून मऊ झाला की लाकडी रवीने घुसळून एकजीव करतात. तिथल्या भारतीय घरांत वरण घोटायलाही अशीच रवी असते आणि तिला ‘दाल घुटनी’ म्हणतात. हे नाव तिथे पोहोचले त्याला कारण आहे. 30 मे 1845 रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून निघालेले गिरमिटिया मजूर घेऊन त्रिनिदादला लागले. त्याआधी 1838 मध्ये ब्रिटिश गयानात, नंतर 1873 मध्ये सुरिनाममध्ये अशीच जहाजे पोहोचली. माणसे बहुतांशी भोजपुरी मुलखातली. त्यांच्याबरोबर तवा, कढई, जिरे, हळद आणि वरणाची फोडणी गेली. आपली बरबटी तिथे ‘बोडी’ म्हणून शिजते, भोपळ्याची भाजी ‘तलकारी’ म्हणून.   

गुलामगिरीचा इतिहास मात्र या स्वयंपाकाच्या अधिक खोल तळाशी आहे. उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या आफ्रिकी माणसांना मालक कमीत कमी खर्चात जगवू पाहत. उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा खारवलेला कॉड मासा आणि पिठाची पिंपे जहाजाने येत. उरलेली भूक भागवायला त्यांना उसासाठी निकामी असलेली उताराची जमीन मिळे. त्या तुकड्यावर त्यांनी सुरण-रताळ्यासारखे कंद, कसावा, कच्ची केळी, भोपळा लावला. हे कंद आजही तिथल्या ताटाचा पाया आहेत. बार्बाडोसमध्ये मक्याचे पीठ आणि भेंडी घोटून ‘कूकू’ करतात, सोबत उडता मासा असतो. ग्रेनाडात विलायती फणस, डशीनचा पाला आणि खारा मासा नारळाच्या दुधात आटेपर्यंत शिजवतात, त्यात हळद घालतात. जमैकात कसाव्याच्या पिठाची जाड भाकरी करतात. ग्रेनाडातल्या पदार्थात पिठाचे गोळे घातले नाहीत, तर यातल्या कशालाच गहू लागत नाही.

ताई : म्हणूनच मी म्हणते, हा आयता तयार स्वयंपाक आहे.

आई : आणि पोळ्या? त्या मोबाइलमध्ये पोळीही होती.

ताई : होती. रोटी, तळलेला ‘बेक’, बारा, सुपातले पिठाचे गोळे, मॅकरोनीचा थर, हे सगळं गव्हाचं. ते मी वहीत घेतलंच नाही.

आई : मग झालं. आपल्याकडेही तेच कर. जिथं गहू आहे ते सोडून दे. त्याच्या बदल्यात दुसरं पीठ शोधत बसू नोको. वडा-भात कर, पाटवडीचा रस्सा कर, पोपटाच्या शेंगा, बरबटी, कोहळं, वांगं, सगळं आहे. तांदळाची भाकर आहे. उपासाले शिंगाड्याचं पीठ आहे. ते बिनागव्हाचं म्हणून डब्यात विकतात, त्या पिठाची किंमत पाहिली का तू?

इथे मी आईच्या बाजूचा आहे. ‘ग्लुटेन-फ्री’ अशी छापील खूण असलेल्या पावा-बिस्किटांसाठी मध्यमवर्गीय घरेही हात आखडता घेतात, मग मोहाडी तालुक्यातल्या शेतमजुराच्या घराने काय करावे? उलट भंडाऱ्याच्या मातीत या आजाराला लागणारे जवळपास सगळे आधीपासून आहे. गहू इथेही रब्बीत थोडा होतो, पण मुख्य पीक धान. भंडाऱ्याच्या सुवासिक चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. घरोघरी शिजणारा एचएमटी तांदूळ शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी 1983 पासून निवडून-निवडून तयार केला. शिंगाडा तलावात पिकतो. लाखोळी धान कापण्याआधीच ओल्या बांधीत शिंपली जाते. आमच्या ताटात गहू वरून आलेला पाहुणा आहे आणि तो नसला तर ताट रिकामे दिसत नाही.

पण आईचे म्हणणे इथे संपत नव्हते. “गहू सोडला की झालं,” असे ती म्हणत होती, आणि खरा झगडा इथेच पेटला.

ताई : तांदळाची भाकर म्हणतेस, ते पीठ कुठून आणलंस?

आई : चक्कीवरून. आणखी कुठून?

ताई : त्याच चक्कीवर तुझ्या आधी कुणी काय दळलं?

आई : मले काय माहीत? गहूच असन.

ताई : मग त्या जात्याच्या फटीत अडकलेली कणीक तुझ्या पिठात आली. चक्कीवाला सुपडं झटकतो, तेवढ्याने ती जात नाही. आणि फोडणीतला हिंग? डबीवर वाच. हिंगाचा डिंक तीव्र असतो म्हणून त्यात पीठ मिसळतात. पुष्कळदा ते गव्हाचंच असतं. पोरीला मी भात आणि वरणच दिलं, तरी पोट दुखत राहिलं. कारण वरणात तो हिंग होता.

आई : चिमूटभर हिंगानं काय होते?

ताई : किलोभर पदार्थात वीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असेल, तर त्यावर ‘ग्लुटेन-फ्री’ छापता येत नाही, असा आपल्या देशाचा नियम आहे. वीस मिलिग्रॅम म्हणजे चिमटीपेक्षाही कमी. रोज थोडंथोडं ग्लुटेन जात राहिलं तर आतडं नीट भरून येत नाही, वरून पोरगी बरी दिसली तरी.

यानंतर ताईने स्वयंपाकघरात एक लाल दोऱ्याची पळी आणली. ती फक्त मुलीसाठी. वेगळी कढई, वेगळे पोळपाट, वेगळे तेल. कणीक मळलेल्या हाताने तिच्या भाताला हात लावायचा नाही. समोसे तळलेल्या तेलात तिचे मासे तळायचे नाहीत. आईने ती पळी उचलून बाजूला ठेवली.

आई : हे मले नाही चालणार. पोरीचं ताट वेगळं, पळी वेगळी, तेल वेगळं. विटाळ पाळल्यासारखं दिसते. या घरात तुझ्या बाबांनी कधी कोणाचं ताट वेगळं ठेवू दिलं नाही. उद्या गावातली पोरं तिले विचारतील, तुले काय झालं म्हणून. काय सांगन ती?

ताई : सांगेल, मला सिलियाक आहे. आई, विटाळात माणसाला दूर ठेवतात. इथे आपण कणकेला दूर ठेवतोय, पोरीला नाही. ती आपल्यातच जेवेल, याच ओळीत बसेल. फक्त तिच्या भातात कुणी पोळीचा हात बुडवणार नाही. मधुमेहाच्या माणसाची इन्सुलिनची सुई आपण वेगळी ठेवतोच ना?

आई : सुई वेगळी गोष्ट आहे. पळी पाहून लोक बोलतात.

ताई : मग सगळ्यांचीच पळी तशी कर. नाही तर घरात कणीकच आणू नकोस.

हा शेवटचा मुद्दा ताईने रागात काढला, पण तो फार महत्त्वाचा ठरला. मला वाटते, वेगळ्या पळीच्या प्रश्नाला खरे उत्तर एकच: ज्या घरात शक्य आहे, तिथे संपूर्ण स्वयंपाकघरच बिनागव्हाचे करावे. पंजाबात ते अवघड आहे. मोहाडीत ते तितके अवघड नाही. इथे घरातल्या सगळ्यांनी तांदूळ, ज्वारी, डाळी, भाज्या आणि मासे खाल्ले, तर कुणावर अन्याय होत नाही. वेगळेपणाची टोचणी त्या घरात उरत नाही.

आईचा दुसरा आक्षेप आजाराच्या नवेपणावर होता. “आमच्या वेळी कोणाले झाला हा?” ताईने तिला हॉलंडची गोष्ट सांगितली. विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. अशा खंगलेल्या मुलांचे दुखणे गव्हामुळे असावे, असा त्यांना बरीच वर्षे संशय होता. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, 1944-45 च्या हिवाळ्यात, जर्मनांनी अन्नाची वाट अडवली आणि देशात उपासमार झाली. पाव मिळेना. बाकीची मुले खंगत असताना या आजाराची मुले मात्र सुधारली. पाव परत आला, तशी ती पुन्हा आजारी पडली. डिके यांनी पुढे 1950 मध्ये प्रबंधात हे मांडले.

आई : म्हणजे पहिले लोक मरून जात, पण कशानं गेले ते कळत नसे.

ताई : हो. अजूनही कित्येक मुलांना नुसतं ‘अशक्त आहे’ म्हणून टॉनिक देतात. म्हणून आणखी एक सांगते, शंका आली म्हणून कुणी आपल्या मनाने गहू बंद करू नये. आधी रक्ताची तपासणी, लागली तर दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून तपासणी. गहू आधीच सोडला, तर दोन्हीही तपासण्या चुकीचं सांगू शकतात. आणि हा आजार घराण्यात चालतो. मुलाला निघाला, तर आई-बापाने आणि भावंडांनीही तपासून घ्यावं.

या शब्दांनंतर आईने एक गोष्ट केली. माळ्यावरचे जाते खाली काढायला मला सांगितले.

आई : याच्यावर गहू कधीच दळला नाही. लाखोळीची डाळ भरडायचं हे जातं. सासूबाईंपासून. धुऊन उन्हात ठेव. तांदूळ याच्यावरच दळू. पोरीसाठी नाही, सगळ्यांसाठी.

ताई : आणि डाळ?

आई : डाळही याच्यावरच. बेसन चक्कीवरून आणायचं नाही. तुझा तो हिंगही फेकून दे. लसूण घातली की हिंग कोण विचारते?

हिंगाच्या जागी लसूण ही आईने काढलेली वाट मला वहीतल्या सगळ्या पदार्थांपेक्षा मोलाची वाटली. कॅरिबियन घरांत माशाला लिंबू चोळून धुतात आणि लसूण, कांद्याची पात, कोथिंबिरीच्या जातीची उग्र वासाची पाने वाटून लावतात. त्या हिरव्या वाटणात हिंग नाही, पीठ नाही, विकतचा मसाला नाही. आमच्या इथे सांबार (कोथिंबीर), लसूण, हिरवी मिरची आणि आले पाट्यावर वाटले की तेच होते. ताईने आणखी एक सावधगिरी सांगितली, ती कोकणातल्या आणि मुंबईतल्या वाचकांनी विशेष लक्षात ठेवावी. मासे तळताना वरून जो रवा लावतात, तो गव्हाचा. त्याजागी तांदळाचे पीठ लावले, तर कुरकुरीतपणात काही उणे पडत नाही. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. पुडीतल्या सूपात, मसाल्याच्या वड्यांत, माल्ट घातलेल्या पेयांत तो असू शकतो. कुरडई तर गव्हाचीच.

मग प्रश्न उरला माशांचा. इथे वादाची बाजू पालटली. ताई म्हणाली, मासे तर नागपूरच्या बाजारात बर्फातले मिळतात. आई म्हणाली, तो मासा मासाच नव्हे.

आई : लहान मासा खाल्ला पाहिजे. काट्यासकट. मूठभर झिंगे, मूठभर बारीक मासोळ्या. ढिवरीण दारावर टोपली घेऊन येत असे. आता टोपलीत रोहू, कतला दिसते, नाही तर आंध्रातून आलेला मोठा मासा. मरळ महाग झाली. बारीक मासोळी तर सणासारखी झाली.

ताई : पोषणाच्या दृष्टीनेही तू म्हणतेस तेच बरोबर. बारीक मासा काट्यासकट खाल्ला की त्यातून कॅल्शियम मिळतं. आतडं झिजलेल्या मुलीची हाडं कच्ची राहतात. तिला त्याची गरज जास्त. नुसत्या पांढऱ्या भातावर ठेवली, तर रक्तही वाढणार नाही. म्हणून भाताबरोबर पाला, डाळ आणि मासा हवाच.

आईची ही तक्रार फक्त चवीची नाही. भंडारा आणि 1999 मध्ये त्यातून वेगळा झालेला गोंदिया, हा तलावांचा मुलूख. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने उतार आणि पाण्याची वाट ओळखून शेकडो तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांकडे होते. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि ‘माजी मालगुजारी’ म्हणजे ‘मामा’ तलाव झाले. त्याच पाण्यावर धान होतो, त्याच पाण्यात शिंगाडा आणि मासा होतो. ढिवरांच्या सहकारी संस्था मासेमारीसाठी तलाव घेतात. पण गाळ साचला, काठांवर बेशरमीची झुडपे माजली, पाण्यातल्या मूळ वनस्पती गेल्या आणि त्यांच्या आधाराने वाढणारे देशी मासे कमी झाले. गोंदियाच्या अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर बायापुरुषांना सोबत घेऊन बेशरम उपटली आणि पाण्यातल्या देशी वनस्पती परत लावल्या. हे काम मला आहाराचेच काम वाटते. तलाव मेला, तर सिलियाक असलेल्या मुलीच्या ताटातला सर्वात स्वस्त आणि सर्वात चांगला घास जातो.

शेवटी दोघींनी मिळून कॅलालू केला. नारळाच्या डब्याची गरज पडली नाही. नवरात्रात चौंडेश्वरीच्या देवळातून आणि घरच्या घटापुढून आलेले नारळ घरात होतेच. आई म्हणे, “आपल्याकडे नारळ देवाले फोडाचा, भाजीत नाही टाकाचा.” ताईने एक नारळ खवून दोनदा दूध काढले. आईने धोप्याची पाने पुसून त्यांच्या शिरा काढल्या, बारीक चिरली आणि सगळ्यात आधी चिंचेचा कोळ लावून ठेवला. धोप्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यामुळे घसा खाजतो. चिंच आणि भरपूर शिजवणे या दोन्ही गोष्टी टाळता येत नाहीत. त्रिनिदादची बाई चिंच घालत नव्हती, तिचा पाला तासभर मंद आचेवर शिजत होता. आईने दोन्ही केले.

गंजात तेल तापवून भरपूर लसूण, हिरवी मिरची, कांदा. हळद. त्यावर कोहळ्याच्या फोडी, चिरलेली भेंडी, मग धोपा. पातळ नारळदूध घालून झाकण. पाला पूर्ण विरघळल्यावर रवीने घुसळले. झिंगे वेगळे, मीठ-हळद-लिंबू लावून लोखंडी कढईत परतले, आणि दाट दुधाबरोबर शेवटी घातले, म्हणजे ते वातड होत नाहीत. वरून सांबार. एवढेच. मीठ सोडले तर यातली एकही वस्तू पाकिटातली नव्हती, म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरे वाचायची वेळ आली नाही. नव्या धानाचा भात चिकट झाला होता, पण या रसाबरोबर तो चांगला लागला. मुलीने पुन्हा वाढून घेतले.

आई : हा तुमचा कॅलालू नाही. ही धोप्याची भाजी आहे, नारळ घातलेली.

ताई : तिला डब्यात कॅलालू म्हणून देईन. नाव ऐकून मैत्रिणी विचारतील. आज कुणी विचारत नाही, बाजूला सरकतात.

आई : दे. पण नारळ नसला तर जवस भाजून कुटून टाक. तेही दाट होते.

त्या दोघींचे अजूनही एकमत नाही. ताईला वाटते, मुलीने जगभरचे बिनागव्हाचे स्वयंपाक शिकावेत. पुढे ती कॉलेजसाठी परगावी जाईल, तिथे धोपा नसेल, ढिवरीण नसेल. आईला वाटते, आधी आपल्या परसातले ओळखावे, मग बेटांकडे जावे. मला ताईचे भविष्याबद्दलचे म्हणणे खरे वाटते, पण आजच्यापुरते आईचे म्हणणे अधिक खरे आहे. लांबच्या बेटावरच्या स्वयंपाकाने ताईला एवढे नक्की दिले की धोप्याकडे तिने गरिबाची भाजी म्हणून पाहणे सोडले. पण स्वच्छ पिठाची सोय कुठल्याच पाककृतीच्या वहीत मिळत नाही. ती गावातच करावी लागते.

म्हणून एक विनंती. जाते घरोघरी उरलेले नाही आणि ते ओढायला वेळही नाही. जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण विभागांमार्फत बायकांना अनुदानावर पिठाच्या गिरण्या दिल्या जातात. मोहाडी तालुक्यातल्या एखाद्या बचत गटाने अशी एक गिरणी फक्त तांदूळ, ज्वारी, डाळी आणि शिंगाडा यांच्यासाठी राखावी. तिच्यावर गव्हाचा एक दाणाही पडू देऊ नये आणि दारावर तसे ठळक अक्षरांत लिहावे. उपासाचे पीठ लागणाऱ्यांची गर्दी तिथे बाराही महिने राहील, त्यामुळे गिरणी तोट्यात जाणार नाही. आणि ज्या घरात असे एक मूल आहे, त्या घराला पीठ आणायला नागपूरपर्यंत जावे लागणार नाही.